बांबू कोणाचा, परवाना कोणाचा: गडचिरोलीतील मेंढा (लेखा) प्रकरण

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या जेमतेम पाचशे वस्तीच्या गोंड गावाला २००९ साली वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क देशात सर्वप्रथम मिळवणाऱ्या गावांमध्ये मेंढा आणि याच जिल्ह्यातील मर्दा या दोन गावांची नोंद होते. कायद्याप्रमाणे गौण वनोपजाची, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या मालाची, मालकी आता ग्रामसभेची होती, आणि गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबूचा उल्लेख नावानिशी होता. तरीही त्यानंतर एप्रिल २०११ पर्यंत गावाला आपल्याच जंगलातला बांबू तोडून बाहेरच्या व्यापाऱ्याला रीतसर विकता आला नाही. मालकी ग्रामसभेकडे आली होती, पण माल रस्त्यावरून नेण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना देण्याचा अधिकार वनविभागाकडेच राहिला होता.

गडचिरोलीच्या मागासलेपणाची कारणे सांगताना दुर्गमता, नक्षलवाद आणि शिक्षणाचा अभाव यांची यादी ठरलेली असते. ही कारणे खोटी नाहीत. मात्र जिल्ह्यात संपत्ती असूनही ती गावाच्या हाती का लागत नाही, हा प्रश्न त्या यादीत सहसा नसतो. मेंढ्याच्या बांबूचे प्रकरण हा प्रश्न नेमक्या जागी आणून उभा करते, म्हणून त्याचा तपशील पाहणे उपयोगाचे आहे.

जिल्हा आणि त्याचे जंगल

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. त्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर आहे. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १०.७३ लाखांच्या आसपास, म्हणजे चौरस किलोमीटरला अवघी ७४ माणसे, आणि त्यांत अनुसूचित जमातींचे प्रमाण ३८ टक्क्यांहून थोडे अधिक होते. जिल्ह्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कागदोपत्री वनजमीन आहे. पश्चिमेच्या सीमेवरून वैनगंगा वाहते, चपराळ्याजवळ ती वर्धा नदीला मिळून प्राणहिता होते, सिरोंच्याजवळ प्राणहिता गोदावरीला मिळते आणि त्याहून पुढे सोमनूरला इंद्रावतीही गोदावरीत येते. एवढे पाणी असूनही सिंचन तोकडे आहे, कारण धरणासाठी लागणारी जमीन बहुतेक ठिकाणी वनात मोडते आणि १९८० च्या वनसंवर्धन कायद्याखालील मंजुरीसाठी तुलतुली, कारवाफा यांसारखे प्रकल्प वर्षानुवर्षे अडून राहिले. उत्तरेकडे आरमोरी, देसाईगंजच्या पट्ट्यात जुने मालगुजारी तलाव धानाला पाणी पुरवतात. दक्षिणेत तेवढाही आधार नाही. भामरागडला पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी गेले की तालुक्याचा संपर्क तुटला, ही पावसाळ्यातली दरवर्षीची बातमी होऊन बसली आहे. रेल्वेसाठी जिल्ह्याची सारी भिस्त उत्तर टोकाच्या वडसा (देसाईगंज) स्थानकावर राहिली आहे, आणि जिल्हा मुख्यालयापासून सिरोंचा रस्त्याने दोनशे किलोमीटरच्या आसपास पडते. जड आणि स्वस्त माल विकणाऱ्या गावासाठी हे अंतर म्हणजे भावातली थेट कपात असते.

या जंगलावर कोणाचा अंमल, हा प्रश्न जिल्ह्याच्या वयापेक्षा कितीतरी जुना आहे. चांद्याच्या (आजच्या चंद्रपूरच्या) गोंड राजांनंतर अठराव्या शतकाच्या मध्यावर भोसल्यांची सत्ता आली आणि नागपूर राज्य खालसा झाल्यावर इंग्रजांची. पूर्वेकडचा बराच भाग अहेरी, मुरुमगाव, रांगी, दुधमाळा, पलसगड अशा लहानमोठ्या जमीनदाऱ्यांत विभागलेला होता. १८५८ मध्ये मोलमपल्लीचे बाबूराव शेडमाके यांनी इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले आणि त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला त्यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. जमीनदारीच्या काळात गावकऱ्यांना घरबांधणी, सरपण, चराई आणि अवजारांसाठी जंगलातून लागेल ते आणण्याचा निस्तार हक्क होता. त्याच्या बदल्यात वेठ आणि पट्टी द्यावी लागे, त्यामुळे तो काळ सुखाचा होता असे मानण्याचे कारण नाही. १९५१ मध्ये जमीनदाऱ्या संपल्या आणि जंगल सरकारजमा झाले. पुढच्या दशकांत या जंगलाचा मोठा भाग राखीव वनांत गेला, निस्तार आक्रसत गेला आणि बल्लारपूरच्या कागद गिरणीला दीर्घ मुदतीच्या कराराने बांबू मिळू लागला. घरासाठी बांबू आणणारा गावकरी वनरक्षकाला घाबरून असे आणि गिरणीच्या मालमोटारी त्याच रस्त्याने राजरोस भरून जात. हा विरोधाभास गावात कोणालाही समजावून सांगावा लागत नव्हता.

कायद्याच्या आधीची वीस वर्षे

मेंढ्याविषयी लिहिताना बहुतेक जण २००९ पासून सुरुवात करतात. माझ्या मते ती चुकीची जागा आहे, कारण हक्काचा पट्टा मिळाला तेव्हा तो पेलू शकणारी ग्रामसभा गावात आधीच तयार होती आणि तिच्या घडणीला दोन दशके लागली होती.

गोदावरीवरचे इचमपल्ली आणि इंद्रावतीवरचे भोपालपट्टणम ही दोन धरणे प्रस्तावित झाली, तेव्हा १९८० च्या दशकाच्या मध्यावर लालश्याम शहा, बाबा आमटे आणि अनेक आदिवासी कार्यकर्त्यांच्या पुढाकाराने ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभे राहिले. मेंढ्याचे देवाजी तोफा आणि ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांच्या कामाची पार्श्वभूमी ही आहे. धरणे थांबल्यावर आंदोलन ओसरले, पण मेंढ्यात त्यातून एक सवय उरली: प्रत्येक विषयावर आधी अभ्यास गटात चर्चा, मग ग्रामसभेत निर्णय, आणि निर्णय बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने. एकाही घराचा विरोध असेल तर विषय पुढच्या बैठकीवर जातो. बाहेरच्या माणसाला ही पद्धत वेळखाऊ वाटते, आणि ती वेळखाऊ आहेच. मात्र ठरलेला निर्णय मोडणारा गट गावात उरत नाही, हा तिचा व्यावहारिक फायदा पुढे कोट्यवधींचे व्यवहार करताना दिसून आला.

घोटुलाचा प्रसंग या काळातला आहे. गावाने तरुणांच्या पारंपरिक एकत्र येण्याच्या जागेसाठी जंगलातून लाकूड आणून घोटुल उभारले आणि विनापरवाना लाकूड वापरल्याबद्दल वनविभागाने ते मोडून लाकूड नेले. त्यावर केवळ मेंढ्यानेच नव्हे, तर आसपासच्या अनेक गावांनी घोटुले बांधली आणि यंत्रणेला माघार घ्यावी लागली. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा पुढे राज्यभर पोहोचली. ती ऐकायला बंडखोर वाटते, पण गावाचा रोजचा व्यवहार मात्र विलक्षण काटेकोर राहिला. इतिवृत्त लिहिणे, ठरावाची प्रत संबंधित कार्यालयाला देऊन पोच घेणे, पावती फाडल्याशिवाय पैसा न घेणे, ही कामे तिथे आंदोलनाइतकीच गांभीर्याने केली गेली.

परवाना

अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी यांचा वनहक्क कायदा २००६ सालचा, आणि त्याचे नियम १ जानेवारी २००८ पासून लागू झाले. मेंढ्याने सामूहिक दावा दाखल केला तेव्हा पुराव्याची अडचण फारशी आली नाही, कारण निस्ताराच्या जुन्या नोंदी, गावाच्या सीमा आणि जंगल राखण्याचे ठराव हे सारे जमवलेले होते. अडचण आली ती पट्टा हाती पडल्यानंतर.

ग्रामसभेने बांबू विक्रीसाठी वाहतूक परवाना मागितला आणि वनविभागाने तो नाकारला. विभागाचा युक्तिवाद १९२७ च्या भारतीय वन अधिनियमावर उभा होता. त्या कायद्यात वृक्षाच्या व्याख्येत बांबू येतो. वृक्ष म्हणजे इमारती माल, आणि इमारती मालावर ग्रामसभेचा हक्क नाही. वनहक्क कायद्याच्या कलम २ मध्ये बांबू गौण वनोपजात स्पष्टपणे धरलेला होता आणि कलम ३ मध्ये गौण वनोपजाच्या मालकीबरोबरच त्याच्या विल्हेवाटीचा हक्कही दिलेला होता. नंतरचा आणि विशेष हेतूने केलेला कायदा जुन्या कायद्यावर वरचढ ठरायला हवा, हे कायद्याच्या साध्या विद्यार्थ्यालाही कळण्यासारखे होते. प्रश्न कायदा कळण्याचा नव्हताच. गडचिरोलीच्या जंगलात बांबू ही महसुलाची मोठी बाब होती, आणि एका गावाला परवाना दिला तर शेकडो गावे रांगेत उभी राहतील हे विभागाला स्पष्ट दिसत होते. ती भीती निराधार नव्हती, हे पुढे घडलेच.

परवान्याविना बांबूची किंमत काय राहते, हे समजून घेण्यासाठी तोडणीचे गणित पाहावे लागते. इथला बांबू मुख्यतः मानवेल जातीचा. पावसाळ्यात बेटातून नवे कोंब येतात. त्यातले काही ‘वास्ते’ म्हणून भाजीसाठी काढले जातात आणि बाकीचे वाढू द्यावे लागतात. तोड पावसाळा सरल्यावर सुरू होते. त्या वर्षीचा आणि आदल्या वर्षीचा बांबू ठेवायचा, पक्का झालेला तोडायचा, तोही जमिनीलगतच्या पेराच्या वरून, आणि एका भागात तोड झाली की तीन-चार वर्षे तिकडे फिरकायचे नाही. पक्का बांबू वेळेत निघाला नाही तर बेट आतून दाटते, नवे कोंब वाकडे येतात आणि वाळलेला माल वणव्याला आमंत्रण देतो. म्हणजे विक्री अडली की केवळ एका वर्षाचे उत्पन्न बुडत नाही, पुढच्या वर्षांच्या मालाची प्रतही घसरते. शिवाय तोडलेला बांबू गावात पडून राहिला तर त्याला कीड लागते. चोरीच्या मालाला परवाना लागत नाही आणि भावही मिळत नाही. त्यामुळे वैध वाट बंद ठेवणे म्हणजे दलालाची वाट उघडी ठेवणे होते.

गावाने विनापरवाना मालमोटारी भरण्याचा मार्ग पत्करला नाही. पत्रव्यवहार, वृत्तपत्रांतून मांडणी आणि मंत्रालयांपर्यंत पाठपुरावा अशा मार्गाने तो वाद दिल्लीला पोहोचला. मार्च २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश यांनी सर्व मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबूला गौण वनोपज मानण्यास आणि सामूहिक हक्क असलेल्या ग्रामसभांना परवाने देऊ देण्यास सांगितले. २७ एप्रिल २०११ रोजी ते आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती सोपवण्यात आले.

या समारंभाची छायाचित्रे गाजली, पण प्रकरणाचा खरा निकाल त्यानंतर दीड वर्षाने आला. सप्टेंबर २०१२ मध्ये वनहक्क नियमांत दुरुस्ती झाली आणि गौण वनोपजाच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेची समिती किंवा ग्रामसभेने अधिकार दिलेली व्यक्ती देईल, अशी तरतूद आली. मंत्री बदलला तरी टिकेल अशी ही गोष्ट होती. नोव्हेंबर २०१७ मध्ये भारतीय वन अधिनियमातून वनाबाहेरच्या बांबूपुरता वृक्षाचा दर्जा काढला गेला. तोवर मेंढ्याचा प्रश्न मिटून बराच काळ लोटला होता.

पैसा आल्यावर

पुढच्या हंगामांत ग्रामसभेने खुली निविदा काढून बांबू विकला आणि उलाढाल कोटी रुपयांच्या घरात गेली. ही रक्कम गावाच्या आकाराच्या मानाने मोठी आहे, तशीच ती धोक्याचीही आहे, कारण सहकारी संस्था, सोसायट्या आणि समित्या अशाच पहिल्या मोठ्या रकमेला फुटल्याची उदाहरणे महाराष्ट्राला नवी नाहीत. मेंढ्यात तोडणीची मजुरी ग्रामसभेने स्वतः ठरवली, बँकेत ग्रामसभेचे खाते आणि आयकर विभागाचा पॅन घेतला, आणि मजुरी जाऊन उरलेल्या पैशातून जंगल राखणे, मृद्-जलसंधारण, गावातली कामे आणि अडीअडचणीला उसनवारी अशी विभागणी ठरली. पूर्वी गावकऱ्याला बांबूतून फक्त मजुरी मिळे. आता मजुरी आणि नफा दोन्ही गावात राहू लागले, आणि नफ्याचा एक भाग पुन्हा बेटांवर खर्च होऊ लागला. हा बदल सरकारी योजनेतून रस्ता किंवा समाजमंदिर मिळण्यापेक्षा वेगळ्या जातीचा आहे, कारण यात खर्चाचा प्राधान्यक्रम लाभार्थीच ठरवतो.

मेंढ्याने पुढे आणखी अवघड पाऊल उचलले. २०१३ मध्ये गावाने महाराष्ट्र ग्रामदान अधिनियम, १९६४ खाली आपली खासगी शेतजमीनही ग्रामसभेच्या नावे करण्याचा निर्णय घेतला. शेती ज्याची त्याने करायची, पण जमीन बाहेरच्या माणसाला विकता येणार नाही, असा त्याचा व्यवहारातला अर्थ. यामागे एक प्रशासकीय हिशेबही होता: मेंढा हे लेखा गटग्रामपंचायतीतले गाव, आणि ग्रामदानी गावाच्या ग्रामसभेला ग्रामपंचायतीचे अधिकार मिळू शकतात. भूदान चळवळीचा हा जवळजवळ विसरलेला कायदा अंमलात आणण्याची सवय कोणत्याच कार्यालयाला उरली नव्हती आणि गावाला अखेर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचे दार ठोठवावे लागले.

एका गावातून जिल्ह्यात

आज गडचिरोली जिल्ह्यात तेराशेहून अधिक गावांना सामूहिक वनहक्क मिळालेले आहेत आणि त्यांखालचे क्षेत्र चार लाख हेक्टरांहून जास्त आहे. देशात या बाबतीत इतकी मजल फार थोड्या जिल्ह्यांनी मारली आहे. याचे श्रेय मेंढ्याला, अनेक संस्था-संघटनांना आणि काही जिल्हाधिकाऱ्यांनाही जाते. मात्र पट्टा वाटता येतो तशी वीस वर्षांची सवय वाटता येत नाही, हे लगेच दिसून आले, आणि ते बांबूपेक्षा तेंदूपानांत अधिक ठळकपणे दिसले.

तेंदूचा व्यापार १९६९ च्या कायद्याने सरकारच्या नियंत्रणात होता. अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ चा, पण महाराष्ट्राचे पेसा नियम मार्च २०१४ मध्ये आले आणि त्याच वर्षी अनुसूचित क्षेत्रांत तेंदू व बांबूवरचे उरलेले निर्बंधही उठले. त्यानंतर शेकडो ग्रामसभा स्वतः लिलाव करू लागल्या. तेंदूचा हंगाम मे महिन्यातला, जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा असतो. पहाटे पाने तोडायची, दुपारी घरी बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर (संकलन केंद्रावर) मोजून द्यायचे, आणि मग अवकाळी पाऊस किंवा गारपीट आली नाही तर पाने वाळून बोदांत (मोठ्या पोत्यांत) भरली जातात. खरिपाआधी हातात रोख पैसा देणारे दुसरे काम या भागात जवळपास नाही. २०१७ च्या हंगामात भाव अभूतपूर्व चढले. त्याच वर्षी जुलैमध्ये वस्तू व सेवा कर लागू झाला, तेंदूपानांवर १८ टक्के कर आला, चढ्या भावाने घेतलेला माल व्यापाऱ्यांकडे पडून राहिला आणि पुढच्या हंगामात भाव कोसळले. ज्या ग्रामसभांनी अनामत न घेता, कच्च्या करारावर माल दिला होता त्यांची रक्कम ठेकेदारांकडे अडकली. सरकारी पद्धतीत भाव कमी असे, पण मजुरी बुडत नसे. नव्या पद्धतीत भाव गावाचा आणि जोखीमही गावाची.

यावरून ‘ग्रामसभांना जमत नाही’ असा निष्कर्ष काढणारे अधिकारी आणि व्यापारी दोन्ही भेटतात. तो निष्कर्ष मला घाईचा वाटतो. कोरची तालुक्यात सुमारे नव्वद ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा केली ती याच अनुभवातून. एकत्रित लिलाव, करारात आगाऊ रकमेची अट आणि बैठकांत स्त्रियांचा ठरावीक सहभाग हे तिचे विशेष आहेत. एकट्या गावाला ठेकेदार फसवू शकतो. नव्वद गावांना फसवणारा ठेकेदार पुढच्या वर्षी तालुक्यात पाय ठेवू शकत नाही. खेळते भांडवल, गोदाम आणि करार तपासून देणारा कोणी, एवढी तीन साधने ग्रामसभांच्या संघांना मिळाली असती तर भावाच्या चढउतारात इतके नुकसान झाले नसते. वनविभागाच्या कार्य-आयोजनेवर (जंगल व्यवस्थापनाच्या आराखड्यावर) जेवढा खर्च होतो त्याचा अंशही ग्रामसभांच्या वनव्यवस्थापन आराखड्यांसाठी उपलब्ध होत नाही, ही त्याच दुर्लक्षाची दुसरी बाजू आहे.

खाणीच्या शेजारी

प्रकरणाची मर्यादा दक्षिणेला एटापल्लीत स्पष्ट होते. सुरजागडच्या लोहखनिजासाठी ३४८ हेक्टरांचा खाणपट्टा २००७ मध्ये, म्हणजे वनहक्क नियम लागू होण्याआधी, दिला गेला. ही टेकडी माडिया गोंडांच्या ठाकूरदेवाचे स्थान आहे. डिसेंबर २०१६ मध्ये नक्षलवाद्यांनी तिथे खनिज वाहणारी कित्येक वाहने जाळली, काम थांबले आणि २०२१ पासून ते बंदोबस्तात पुन्हा सुरू झाले. २०२२ मधली उत्खननवाढीची जनसुनावणी खाणीजवळ न होता जिल्हा मुख्यालयात झाली. तिथून एटापल्लीच्या गावांचे अंतर लक्षात घेता सुनावणीत कोण पोहोचू शकले असेल, हे सांगण्याची गरज नाही. खाणीमुळे नोकऱ्या आल्या, चामोर्शी तालुक्यातील कोनसरीला लोह-पोलादाचा प्रकल्प आला, आणि स्थानिक तरुणांचा एक वर्ग त्याच्या बाजूने उभा आहे, हेही खरे आहे. त्या तरुणांना बाहेरच्यांनी ‘फितवलेले’ म्हणणे उद्धटपणाचे होईल, कारण बारमाही पगाराला बांबू आणि तेंदू आजच्या स्थितीत पर्याय ठरत नाहीत.

मेंढ्याच्या जंगलाखाली असे खनिज नाही. बांबूच्या वादात समोर एक खाते आणि एक कागद गिरणी होती. लोहखनिजाच्या वादात राज्याचे औद्योगिक धोरणच समोर आहे. नक्षल चळवळ आता मोडकळीस आली असून ऑक्टोबर २०२५ मध्ये तिचा एक ज्येष्ठ नेता गडचिरोलीतच साठ साथीदारांसह शरण आला. खाणींचे प्रस्ताव अडवून धरणारी बंदुकीची भीती त्यामुळे ओसरेल आणि त्याच वेगाने नवे पट्टे पुढे येतील. तेव्हा एटापल्ली, भामरागड आणि कोरचीतल्या ग्रामसभांकडे वनहक्काचा दाखला असेल, पण संमती विचारली जाण्याआधी गावाचे इतिवृत्त, जंगलाचा आराखडा आणि वनोपजाच्या उत्पन्नाचे हिशेब किती गावांकडे तयार असतील, यावर त्या दाखल्याचे वजन ठरणार आहे. मेंढ्याकडे हे कागद परवाना मागण्याच्या दिवशी तयार होते. इतर बहुतेक गावांना ते तयार करायला मदत करणारी यंत्रणा जिल्ह्यात अजून उभी राहिलेली नाही.